इंटरकूलर असूनही रॅम्पवर टकटक: सुपरचार्ज्ड जुन्या कॅमारोचा परत परत उलटणारा आजार

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांना हेच होतंय त्यांनीच पुढे वाचावं. सकाळी गाडी गार असताना काढली, मोकळ्या रस्त्यावर पेडल दाबलं, की मस्त ओढते. दुपारी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये रांगत काढला आणि मग हायवेच्या रॅम्पवर तसंच पेडल दाबलं, की चार हजार आरपीएमच्या पुढे इंजिनातून टकटक सुरू. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. पेडल सोडलं की गप्प. रात्री घरी येताना गाडी पुन्हा शहाण्यासारखी. वर्कशॉपमध्ये नेली की काहीच नाही. काहीतरी बदलायचं, पंधरा दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. माझे दोन उन्हाळे यात गेले.

गाडी १९६९ ची शेवरले कॅमारो, ३५० घन इंच म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. मूळ इंजिन नाही. आतून नव्याने बांधलेलं, फोर्ज्ड पिस्टन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ८.७. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा दाबून आत ढकलणारा सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारखा) सुपरचार्जर, वरच्या आरपीएमला ८ पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब. कार्ब्युरेटर काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कॉम्प्युटर ठरवेल तेवढं पेट्रोल फवारणारं) बसवलंय. दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा इंटरकूलर पाण्याचा: त्याचा कोअर, म्हणजे हवेची उष्णता पाण्यात जाते ती जाळी, बॉनेटखाली फेंडरला चिकटून, गाडीच्या नाकाशी छोटा रेडिएटर, मध्ये विजेचा पंप आणि एक टाकी. हे सगळं आधीच्या मालकाने एका वर्कशॉपकडून बसवून घेतलेलं. मी राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला, त्यामुळे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी ड्रीम क्रूझ निघते तिला जाणं आलंच. १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत गाड्याच गाड्या. बघायला स्वर्ग, पण गाडीला ती शिक्षा. भर उन्हात चालण्याच्या वेगाने तासभर. आणि मग आय-६९६ हायवेचा रॅम्प. माझी टकटक पहिल्यांदा तिथेच ऐकली.

ही टकटक म्हणजे डेटोनेशन. ठिणगीने लागलेली ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेट घेतं. साध्या इंजिनात थोडं झालं तर चालून जातं, बूस्टवर ते पिस्टनची कड खातं. कानावर विश्वास नसेल तर प्लग काढून बघा. माझ्या सात नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते, आणि भिंगातून बघितलं तर त्यात दोन-तीन ठिपके चंदेरी. चंदेरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन. ते दिसलं की गाडी उभी करायची, चर्चा नंतर.

पेट्रोलबद्दल एक खुलासा, कारण पुण्यातल्या मित्रांशी बोलताना दर वेळी इथेच गाडी अडते. ऑक्टेन म्हणजे टकटक न होता दाब सोसायची पेट्रोलची ताकद. मिशिगनमध्ये पंपावर जे ९३ ऑक्टेनचं मिळतं ते आपल्याकडच्या ऑक्टेन मोजणीने साधारण ९८ होतं. इथे दोन पद्धतींची सरासरी छापतात. म्हणजे पेट्रोल वाईट नव्हतं. आणि ज्यांच्याकडे १९६९ चं मूळ ३०० हॉर्सपॉवरचं ३५० आहे, त्याचं कॉम्प्रेशन १०.२५ आहे. त्यावर ८ पीएसआय लावून इंटरकूलरकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. तो आजार वेगळा, औषध वेगळं.

उष्णता येते कुठून

सायकलच्या टायरमध्ये हातपंपाने हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, ते सगळ्यांनी अनुभवलंय. सुपरचार्जर तेच करतो, फक्त सेकंदाला अडीचशे-तीनशे ग्रॅम हवेवर. ८ पीएसआयला हवा साधारण दीडपट दाबली जाते. आत जाणारी हवा ३५ अंश सेल्सिअस असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर येणारी हवा ९३ अंशांच्या आसपास. जुन्या धाटणीचा रूट्स ब्लोअर (दोन फिरत्या रोटरांचा सुपरचार्जर) ५५ टक्क्यांचा धरला तर त्याच दाबाला १०९. हे हिशेबाचे आकडे आहेत, पाइपमध्ये मोजले तर थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज पक्का येतो.

यातली गोम अशी की आत येणारी हवा एका अंशाने जास्त तापलेली असेल, तर बाहेर पडणारी हवा एकाहून जास्त अंशाने तापते. माझ्या आकड्यांना सुमारे १.२ पट. म्हणजे तोंडाशी केलेली चूक व्याजासकट पुढे जाते. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत येतो.

ही उष्णता किती? सेकंदाला ३०० ग्रॅम हवा ९५ अंशांवरून ५० वर आणायची तर साडेतेरा किलोवॉट काढावे लागतात. आपल्याकडचा न्हाणीघरातला गीझर २ किलोवॉटचा. असे सहा-सात गीझर एकदम चालू केल्यावर जेवढी ऊब होईल तेवढी त्या पुठ्ठ्याच्या खोक्याएवढ्या कोअरने पाण्यात ढकलायची, पाण्याने नाकाशी न्यायची, तिथल्या रेडिएटरने वाऱ्यावर सोडायची. इंटरकूलर उष्णता नाहीशी करत नाही, पुढच्याच्या हातात देतो. साखळीत कुठेतरी कोणीतरी हात आखडला, की मागे सगळी तुंबते. समस्या शोधायची म्हणजे ती कुठे तुंबली ते शोधायचं. हे मला आज कळतंय. तेव्हा मी सरळ पार्ट मागवत सुटलो.

माझे तीन चुकीचे उपाय

पहिला: टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चार अंश मागे घेतलं. टकटक थांबली, गाडीचा जोरही थांबला. वर एक्झॉस्ट जास्त तापायला लागला तो वेगळाच. ताप मोजायचा सोडून थर्मामीटर फोडल्यासारखं झालं ते.

दुसरा: नाकाशी मोठा रेडिएटर बसवला, पाणी आत दोनदा फिरून येतं असला. आधीपेक्षा वाईट झालं! मोठा रेडिएटर लावून गाडी जास्त तापते, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. मी पंख्याला दोष दिला.

तिसरा: पंप. २००३-०४ च्या मस्टँग कोब्रावर कंपनीने जो बॉशचा पंप बसवला होता, तो इथल्या हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. मी त्याहून दणकट घेतला. दहा दिवस गाडी अशी पळाली की मी घरच्यांना पार्टी दिली. अकराव्या दिवशी टकटक.

दर वेळी काम करताना पाणी काढून नवीन भरलं जात होतं, आणि दर वेळी काही दिवस बरं वाटत होतं. धागा इथेच होता. मला दिसला नाही, कारण मी नव्या पार्टच्या कौतुकात होतो.

मोजमाप: पाच ठिकाणी, गाडी रांगत असताना

गॅरेजमध्ये बॉनेट उघडं ठेवून हा आजार कधीच सापडणार नाही. बॉनेट उघडलं की अर्धा आजार उडून जातो. मी बाजारातले स्वस्त तापमानाचे प्रोब घेतले आणि पाच ठिकाणी लावले: बाहेरची हवा, सुपरचार्जरचं तोंड, कोअरनंतरची हवा, कोअरमध्ये जाणारं पाणी, कोअरमधून येणारं पाणी. वायरी खिडकीतून आत घेतल्या. बायको शेजारी वही घेऊन, मी स्टिअरिंगवर, आणि आम्ही चाळीस मिनिटं मॉलच्या भोवती दहाच्या वेगाने फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला सिक्युरिटीवाला चौकशीला आला. पूर्ण पेडलची चाचणी मात्र रस्त्यावर करू नका. डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून जोर मोजायचं यंत्र) करा किंवा ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीची बंद पट्टी). टकटक ऐकू आली की तिथल्या तिथे सोडा.

बाहेर ३१ अंश असताना सुपरचार्जरच्या तोंडाशी ६४. कोअरमध्ये जाणारं पाणी ५८. पाण्यात आणि बाहेरच्या हवेत २७ अंशांचा फरक, आणि हे बूस्ट अजिबात नसताना! सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर खालच्या आरपीएमला काही दाबतच नाही, म्हणजे ही उष्णता दाबण्याची नव्हतीच. ती बॉनेटखालची होती. इंजिनाच्या बंबाशेजारी कोअर ठेवलेला, आत पाणी जवळपास उभं. ते आपलं कढत बसलेलं.

आकडे कसे वाचायचे, ते माझ्या अनुभवाने असं: तोंडाशी आणि बाहेर दहापेक्षा जास्त फरक असेल तर सुपरचार्जर गरम हवा पितोय. कोअरमध्ये जाणारं पाणी चालत्या गाडीतही बाहेरच्यापेक्षा पंधरा अंशांनी वर असेल, तर नाकाच्या रेडिएटरला वारा मिळत नाही किंवा पाणी हळू फिरतंय. जोर लावल्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात मोठा फरक पडला, तर पाणी नक्कीच हळू आहे. आणि पाणी गार, फरक कमी, तरी हवा गरम, असं असेल तर कोअर लहान आहे किंवा त्याच्या वरच्या भागात पाणीच पोचत नाही.

पण त्याआधी सेन्सर तपासा. हे मी शेवटी केलं, तुम्ही पहिलं करा. माझा हवेचा सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेकमध्ये घट्ट बसवलेला, तोंड बंद असलेला होता. गाडी दहा मिनिटं बंद करून पुन्हा चालू केली की तो धातूचं तापमान सांगायचा, हवेचं नाही. माझं इंजेक्शन हवेचा दाब आणि तापमान यांवरून पेट्रोल ठरवतं. खरी हवा ५० अंश आणि सेन्सर म्हणतोय ८०, तर कॉम्प्युटर हवा विरळ समजून आठ-नऊ टक्के पेट्रोल कमी सोडतो. गरम इंजिन, त्यात मिश्रण फिकं, त्यात बूस्ट: टकटकीला दुसरं काय लागतं! उघड्या जाळीचा, चटकन प्रतिसाद देणारा सेन्सर कोअरनंतरच्या पाइपमध्ये बसवला, धातूपासून प्लास्टिकच्या बुशने अलग केला. खर्च एका जेवणाएवढा. याने टकटक गेली नाही, पण आकडे खरे बोलायला लागले.

पंपाने हवा धरली

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल असतो. सांगलीकडे मळा आहे, त्यांचं सगळं आयुष्य विहिरीवरच्या मोटारीशी भांडण्यात गेलंय. गॅरेजमधूनच बोलत होतो. त्यांनी विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीचं चाललंय काय. मी सांगितलं: पंप आहे, टाकी आहे, पाणी भरलं की चार दिवस चालतं, मग पाणी फिरणं मंदावतं, मोठा पंप लावला तर आणखी लवकर मंदावतं. गळती कुठेच नाही, थेंबसुद्धा नाही.

"गळत नाही म्हणजे ओढत असेल," अण्णा म्हणाले. "पंपानं हवा धरली रे तुझ्या. सक्शनला काय काय जोडलंय ते बघ आधी."

ज्यांनी विहिरीवरची मोटार पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. मोटारीच्या पुढच्या पाइपला भोक पडलं तर पाणी फवारतं, दिसतं. ओढणाऱ्या बाजूच्या जोडाला बारीक फट असेल तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मोटार घुमते, पाणी चढत नाही. मग बादलीने पाणी ओतायचं आणि जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. लहानपणी ती पट्टी मीच धरायचो. आणि इथे दोन उन्हाळे झक मारत होतो!

गाडीखाली सरकलो. पाण्याचा रस्ता असा जोडलेला होता: टाकीतून नाकाच्या रेडिएटरला, रेडिएटरमधून पंपाला, पंपातून कोअरला, कोअरमधून टाकीत. म्हणजे अख्खा रेडिएटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला. हा पंप ढकलायला चांगला असतो, ओढायला नालायक. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून पाणी ओढताना त्या बाजूला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जायचा. गरम झाल्यावर रबरी होस मऊ पडायचा. हात लावला तर तो चक्क चपटा झालेला जाणवला. आणि क्लॅम्पखालून हवा आत. मोठ्या, दोन फेऱ्यांच्या रेडिएटरने अडथळा वाढवला, म्हणून आजार वाढला. दणकट पंपाने ओढ वाढवली, म्हणून तो आणखी लवकर आला. दोन्ही महागडे पार्ट रोगाच्या बाजूने लढत होते.

खात्री करायला पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घातली. गार असताना स्वच्छ पाणी. वीस मिनिटं रांगल्यावर टॉर्च मारला, तर नळीतून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे एकामागून एक. ते कोअरमध्ये वर जाऊन बसत, कारण कोअर टाकीच्या झाकणापेक्षा चार बोटं वर होता. गोळा झालेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही.

मग बादली लावली. कोअरमधून टाकीत येणारी नळी काढून बादलीत सोडली, टाकीत वरून पाणी ओतत राहिलो, एक मिनिट मोजलं. सात लिटर. चांगल्या तब्येतीत इथे वीसच्या आसपास यायला हवं. साडेतेरा किलोवॉट वाहून नेताना वीस लिटरचं पाणी दहाएक अंशांनी तापतं. सात लिटरचं अठ्ठावीसने. आता कोअर कसा गार राहणार? (हे करताना इंजिन गार हवं. इंटरकूलरचं पाणी वेगळं असलं तरी त्याच्या शेजारचा मुख्य रेडिएटर भाजून काढतो.)

दुरुस्ती

जोडणीचा क्रम बदलला: टाकी, लगेच तिच्याखाली पंप, मग कोअर, मग नाकाचा रेडिएटर, मग परत टाकी. पंपाला पाणी आपोआप पोचलं पाहिजे, त्याला ते शोधायला लागू नये. टाकी आणि पंपामधला होस एक इंच व्यासाचा, जेमतेम हातभर, मध्ये एकही काटकोनी वळण नाही. टाकी उचलून अशी बसवली की तिचं झाकण सगळ्या मार्गातला सर्वांत उंच बिंदू होईल. परत येणारं पाणी टाकीत पाण्याच्या पातळीखाली सोडलं; वरून धार पडली की फेस होतो आणि तोच फेस पुन्हा पंपात जातो. भरताना पुढची चाकं रॅम्पवर चढवली, झाकण उघडं ठेवून पंप चालू केला आणि होस हाताने दाबत दाबत हवा काढली. ब्रेकमधून हवा काढतात तोच धीर लागतो. अर्धा तास गेला.

पंपाची वायर तपासा हे सांगायला विसरत होतो. मूळ कॅमारोचा साधा अल्टरनेटर जेमतेम ३७ अँपिअरचा, आणि आयडलला तोही पूर्ण देत नाही. त्यावर विजेचे पंखे, इंजेक्शन, पेट्रोल पंप आणि हा पंप. माझ्याकडे मोठा अल्टरनेटर होता, पण पंपाची वायर मात्र जुन्या हेडलाइटच्या वायरीतून काढलेली. बॅटरीशी १३.८ व्होल्ट, पंपाशी ११.२. रिले घालून जाड वायर थेट बॅटरीपासून आणली. बादली पुन्हा लावली: एकोणीस लिटर.

आणि आता व्याजाची गोष्ट. सुपरचार्जरचा फिल्टर हेडलाइटच्या मागे, एक्झॉस्ट हेडरपासून (इंजिनाच्या गरम धुराच्या नळ्या) हातभर अंतरावर लोंबत होता. दिसायला रुबाबदार. ६४ अंशांची हवा पिऊन तो हिशेबाने १२८ ची हवा ओकतो. नाकाच्या जाळीमागून चार इंची पाइप ओढून फिल्टरला पत्र्याची पेटी केली, रबराने सील केली. रांगताना तोंडाशी आता ३७. म्हणजे इंटरकूलरच्या आधीच ३२ अंश गेले. सगळ्यात स्वस्त इंटरकूलर हाच, आणि जुन्या गाड्यांत सगळ्यात दुर्लक्षित. नाकाच्या रेडिएटरच्या कडेने वारा निसटू नये म्हणून फोमच्या पट्ट्या, आणि रांगताना वारा मिळावा म्हणून त्याच्यामागे छोटा पंखा. ए.सी. असेल तर त्याच्या कंडेन्सरच्या (ए.सी.ची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मागे हा रेडिएटर लपवू नका. पुढे ठेवा, नाहीतर तो कंडेन्सरची ऊब खात बसतो.

पाण्यात काय घालायचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. निम्मं अँटिफ्रीझ घातलं की पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद घटते. मिशिगनच्या थंडीत मात्र साधं पाणी गोठून कोअर फोडेल. मी उन्हाळ्यात साधं डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घालतो, आणि ऑक्टोबरात गाडी झाकताना सगळं काढून टाकतो. विसराळू असाल तर अँटिफ्रीझच बरं.

तुमची जोडणी वेगळी असेल तर

हवेचा, म्हणजे पाणी नसलेला इंटरकूलर असेल तर वरचा अर्धा तरी त्रास नाही. पंप नाही, हवा धरणं नाही. चालत्या गाडीत तो पाण्याच्या इंटरकूलरला भारी पडू शकतो. अडचण जागेची. १९६० च्या दशकातल्या गाड्यांचं नाक कोणी या कामासाठी बनवलेलं नाही, मग लोक रेडिएटर सपोर्ट कापतात आणि मूळ गाडीवाले कपाळाला हात लावतात. इथे दोन गोष्टी तपासा. कोअरच्या आधी आणि नंतर बूस्ट मोजा. पूर्ण जोरात दोन पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर कोअर किंवा पाइप चोंदतोय, आणि सुपरचार्जर उगीच जास्त राबून जास्त तापवतोय. आणि साबणाच्या पाण्याने पाइपचे जोड तपासा. मुख्य रेडिएटर तापायला लागला तर गुन्हेगार त्याच्यापुढचा हा कोअरच असतो.

वर दोन कार्ब्युरेटर आणि खाली जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनातून आलेला ६-७१ ब्लोअर अशी बॉनेट फाडून वर आलेली गाडी असेल, तर तिथे पेट्रोल ब्लोअरमधूनच जातं आणि वाफ होताना उष्णता शोषतं. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. अशा ओल्या मिश्रणाला लांब पाइपातून नाकाशी नेऊन परत आणायचा विचार स्वप्नातही करू नका. पाइपभर पेटायला तयार मिश्रण, एक बॅकफायर (इंजिनातून उलटी आलेली ज्योत) पुरे. ब्लोअरच्या खाली बसणारे पाण्याचे चपटे कोअर असतात, बोटींच्या इंजिनात चांगले चालतात, कारण तिथे गार पाण्याचा अख्खा तलाव खाली असतो.

पाणी-मिथेनॉलचा फवारा हा तिसरा मार्ग. ही काही आजची टूम नाही. १९६२-६३ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बो आणि १०.२५ कॉम्प्रेशन एकत्र नांदावेत म्हणून कंपनीनेच पाणी-मिथेनॉलची टाकी दिली होती. लोक ती भरायला विसरायचे, मग गाडी बूस्ट बंद करून मंद चालायची, मग लोक शिव्या द्यायचे. आजही फवाऱ्याचं दुखणं तेच: टाकी रिकामी झाली आणि टायमिंग मात्र फवारा गृहीत धरून लावलंय. पातळीचा सेन्सर आणि फवारा थांबला की बूस्ट तोडणारी सोय नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही भिनतं, आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. घरात लहान मुलं असतील तर मी तरी नको म्हणेन.

बर्फ? ड्रॅग स्ट्रिपवर उत्तम. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल खातो. माझ्या गाडीचा दहा सेकंदांचा एक जोर साधारण १३५ चा. तीन किलोत सात धावा निघतात. वुडवर्डवर मात्र तो बर्फ दुसऱ्या सिग्नलला संपतो. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये कंपनीने ए.सी.चाच गारवा इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला होता. जुन्या गाडीत तसं करणारे आहेत, पण त्याआधी बादली लावून बघा.

जाता जाता: १९५७ ची सुपरचार्ज्ड थंडरबर्ड, १९६३ ची स्टुडबेकर अवांती, १९६६ च्या शेल्बी जीटी३५० वरचा पॅक्सटन, यांतल्या एकालाही इंटरकूलर नव्हता. बूस्ट पाच-सहा पीएसआय, पेट्रोलमध्ये टकटक दाबणारं शिसं, भागून जायचं. गंमत म्हणजे याच डेट्रॉइटमध्ये, ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या पॅकार्डच्या कारखान्यात, त्याच्या वीसेक वर्षं आधी विमानांची मर्लिन इंजिनं बनत होती. त्यांतली दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरची इंजिनं पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानात बसायची, आणि त्यांना द्रवाने गार होणारा इंटरकूलर होता. म्हणजे मस्टँग नावाचं यंत्र आधी आकाशात इंटरकूल झालं. रस्त्यावरच्या मस्टँगला कारखान्यातून तो मिळायला पुढे बरीच दशकं लागली.

सध्याची स्थिती

टायमिंगचे चार अंश एकेक करून परत दिले, प्रत्येक अंशानंतर डायनोवर प्लग काढून बघितले. चार नंबरचा अंश दिल्यावर सात नंबरच्या प्लगवर पुन्हा एक काळा ठिपका दिसला, तेव्हा एक मागे घेतला. तीनवर थांबलोय. सात नंबरचं सिलिंडर मागच्या कोपऱ्यात आहे, तिथे कूलंट कमी पोचतं का हे हिवाळ्यात बघायचंय.

या ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी बाहेर ३२ अंश होते. पावणेदोन तास वुडवर्डवर रांगलो. कोअरमध्ये जाणारं पाणी ४३ वर टेकलं, त्याच्या वर गेलं नाही. रॅम्पवर पेडल दाबलं, कोअरनंतरची हवा ५६ पर्यंत चढली, टकटक नाही. घरी आल्यावर इंजिन बंद करूनही पंप पाच मिनिटं चालू ठेवायचा टायमर आहे. तो घुमत असतानाच अण्णांना फोन लावला. तिकडे पहाट होती. म्हणाले, "ती पारदर्शक नळी काढू नको. असू दे तिथंच."

काढलेली नाही.